अंथरुणावरच्या माणसाचं खातं कुठलं?

माझ्या काकूला लकवा झाला तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. बारा दिवसांनी दवाखान्यातून घरी सोडलं. हातात एक फाइल, गोळ्यांची चिठ्ठी आणि 'पंधरा दिवसांनी दाखवा' असा शेरा. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, अंगाखाली ओल राहू द्यायची नाही, टाचा टेकू द्यायच्या नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडाजवळची कातडी लाल झाली. उष्णतेने असेल म्हणून आम्ही खोबरेल तेल लावलं. महिन्याभरात तिथे वाटीएवढी जखम झाली. वहिनी रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने ती धुवायची. काकूला बोलता येत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते दिसू नये म्हणून वहिनी तिच्या तोंडाकडे बघायचीच नाही.

गावातून कुणी आलंच नाही असं नाही. आशाताई येऊन गेली. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकासाठी भरायचा एक फॉर्म तिच्याकडे असतो. साठी ओलांडलेल्या माणसाला त्यात विचारतात: जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, संडासला जाणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? ताईने 'हो'वर खूण केली. फॉर्म उपकेंद्रात गेला. त्या 'हो'चं पुढे काय होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. जाताना ती मला ओशाळून म्हणाली, "दादा, बाळंतिणीचं, बाळाचं काहीही विचारा, मी सांगते. याचं मला कुणी शिकवलंच नाही हो."

मग सुरू झाल्या फेऱ्या. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. व्यायाम शिकवणारा फिजिओ उपजिल्हा रुग्णालयात, तोही ठरावीक वारी. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्ह्याच्या ठिकाणी. चाकाच्या खुर्चीचा अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार तहसील कार्यालयातून. पुढे बँकेत अंगठा जुळेना, तेव्हा पाठीला जखम असलेल्या बाईला रिक्षात आडवं घालून बँकेच्या दारात नेलं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे तर आम्हाला दीड वर्षाने कळलं. काकू एकच होती. सरकारदरबारी मात्र तिचे पाच-सहा तुकडे झाले होते आणि ते जोडायचं काम माझ्या वहिनीवर पडलं होतं. तिने त्यासाठी रोजंदारीची शेतकामं सोडली. तो खाडा कुणाच्याच हिशोबात आला नाही.

मला जे म्हणायचं आहे ते या घरातूनच निघतं. आरोग्य आणि सांभाळ ही दोन वेगळी कामं आहेत असं धरून आपण खाती उभी केली. आजारी माणसाच्या घरात ती वेगळी नसतात. जखम, संडास, पेन्शन, भाकरी आणि सुनेची झोप हा तिथे एकच प्रश्न असतो. तो मंत्रालयातून जुळवता येत नाही आणि कुटुंबाला एकट्याने पेलवत नाही. जुळला तर गावाच्या, वॉर्डाच्या पातळीवरच जुळेल, आणि तोही खरी भागीदारी असेल तर.

'भागीदारी' हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण सरकारी कागदात त्याच्या जागी बहुधा 'लोकसहभाग' येतो, आणि लोकसहभाग म्हणजे लोकांनी श्रमदान करायचं, फोटोला उभं राहायचं आणि रजिस्टरवर सही करायची, असा अर्थ रुळून गेला आहे. गावातल्या माणसाला भागीदारी शिकवायची गरज नाही. जमीन अर्धेलीने देताना बी कुणाचं, खत कुणाचं, पाण्याची पाळी कुणाची, आणि रास पडल्यावर पोती किती कुणाला, हे सगळं पेरणीआधी ठरतं. कष्ट एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, याला कुणी अर्धेली म्हणत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करत आलो.

कागदावर गावात समिती आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असायला हवी. ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडीताई, सिस्टर, बचतगटाच्या बाया, सगळे तिच्यात येतात. तिच्यासाठी वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. कल्पना उत्तम आहे. पण महिन्याला हजार रुपयेही होत नाहीत एवढ्या पैशात कुणी बैठकीला का यावं? आमच्याकडे काही वर्षं या निधीतून पावडर फवारली गेली, वजनकाटा दुरुस्त झाला, भिंतीवर घोषणा रंगवल्या गेल्या. ठरावाची वही घरोघर फिरायची आणि सह्या गोळा व्हायच्या. मीही त्या वहीत सही केली आहे, बैठक न होता. काकू आजारी पडेपर्यंत त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकतं याचा सगळ्यात मोठा दाखला केरळात आहे. कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना मॉर्फिन द्यायचं, जखमा धुवायच्या, बोलायचं. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना सर्वात जास्त गरज आहे ते ओपीडीपर्यंत पोचतच नाहीत. आणि ज्यांच्या घरी जावं, तिथे दुखण्याइतकीच दुसरीही गाऱ्हाणी असतात: मिळवता माणूस पडल्यामुळे तांदूळ नाही, मुलाची शाळा सुटली, शेजारी येत नाहीत. डॉक्टरच्या बॅगेत यावर औषध नव्हतं. मग 1999-2000 च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या भागात गावकऱ्यांनाच शिकवायला सुरुवात झाली. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची मुलं, घरी असणाऱ्या बाया. आठवड्यातले एक-दोन तास देण्याची तयारी एवढीच अट. हे लोक घरोघर जाऊन कोण पडून आहे ते शोधायचे, नर्सला घेऊन जायचे, जखम बांधायला, नळी सांभाळायला घरच्यांना शिकवायचे, आणि तांदळाची, फीची व्यवस्था गावातूनच करायचे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी दानपेटी, महिन्याला थोडेथोडे रुपये देणारी माणसं. मोठा देणगीदार कुणी एक नाही.

इथपर्यंत ही चांगल्या माणसांची गोष्ट आहे, आणि अशा गोष्टी आपल्याकडेही आहेत. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. केरळ सरकारने 2008 मध्ये वेदनाशमन आणि शुश्रूषेचं धोरण जाहीर केलं आणि त्यात हे काम पंचायतींच्या हातात दिलं. पंचायतीच्या पैशातून प्रशिक्षित नर्स नेमायची, गाडी करायची, आणि घरोघरच्या भेटी प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडायच्या. हे शक्य झालं कारण 1996 च्या लोकनियोजन मोहिमेपासून राज्याच्या योजनेतल्या निधीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रंही ग्रामपंचायतींकडे होती. स्वयंसेवक होते, नर्स पगारी होती, पैसा पंचायतीचा होता आणि डॉक्टर सरकारी. प्रत्येकाने काय आणायचं ते ठरलं होतं. म्हणूनच उत्साह ओसरल्यावरही काम टिकलं.

यावर लगेच उत्तर येतं: केरळचं सोडा हो, तिथे सगळे शिकलेले, आखातातून पैसा येतो, घरं एकमेकांना लागून. खरं आहे. म्हणून मी जामखेडकडे येतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला आलं. दुष्काळी तालुका. दोन वर्षांतच 1972 चा दुष्काळ पडला. शिक्षण नाही, रस्ते नाहीत, जातीच्या भिंती पक्क्या. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, पण त्या बाहेरच्या. गावात रुजल्या नाहीत. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडून आलेल्या कित्येक बाया निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कुणी टाकलेली, कुणी विधवा. त्या नियमाने जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन बाळंतपण करायच्या, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायच्या, कुष्ठरोग्याच्या जखमा बघायच्या. त्यांच्या जोडीला पुरुषांची शेतकरी मंडळं आणि बायांची महिला मंडळं होती. या गावांत 1971 च्या सुमारास हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. या कामासाठी 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला.

जामखेडची एक गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते. प्यायच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचे होते. गावात पाणी कुठे लागेल हे सांगायला माणूस आणला. हातपंप बसले ते दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर सगळ्यांनी तिथे जायचं, रांगेला लागायचं. हे योगायोगाने झालेलं नव्हतं. आरोळ्यांनी ते जाणूनबुजून जुळवून आणलं होतं आणि पुढे स्वतः सांगितलंही. गाव एक आहे असं गृहीत धरून काम सुरू केलं असतं तर पंप पाटलाच्या वाड्याशेजारी बसला असता. आपण 'गावाला विचारा', 'गाव ठरवेल' असं सहज म्हणतो. गावातलं कोण? माझ्या काकूच्या घरी निदान चार माणसं होती आणि फेऱ्या मारायला मी होतो. गावाच्या कडेला, वस्तीवर, एकटा पडलेला म्हातारा कुठल्या बैठकीत बोलणार? भागीदारीची पहिली कसोटी तीच आहे. पंप कुठे बसतो ते बघायचं.

जामखेडवर घेतला जाणारा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. आरोळे होते म्हणून झालं. गडचिरोलीत बंग आहेत म्हणून झालं. असा माणूस प्रत्येक तालुक्याला कुठून आणायचा? याचं उत्तर गडचिरोलीने अर्धं दिलंही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास बघू लागल्या, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करू लागल्या. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: नवजात मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त घट. मग 2011 मध्ये केंद्राने ही पद्धत देशभर नेली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ती यामुळे. म्हणजे एका संस्थेचं काम देशाचं होऊ शकतं. आमची आशाताई "बाळाचं काहीही विचारा" असं छातीठोक म्हणाली, त्यामागे हा सगळा प्रवास आहे. तिला अंथरुणावरच्या माणसाचंही शिकवता आलं असतं. ते ठरवलं गेलं नाही, एवढंच.

पण देशभर पोचल्या त्या भेटी, फॉर्म आणि दर भेटीचे पैसे. गावाने आपली बाई निवडायची आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं हा भाग वाटेत राहिला. आशाताई वरच्या कार्यालयाची माहिती गोळा करणारी झाली. दिवसभर मोबाइलवर आकडे भरते. कागदावर ती अजूनही 'स्वयंसेविका' आहे, म्हणजे कामावर मोबदला, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून आझाद मैदानावर बसायचं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला तेव्हा आम्ही गावात तिचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं. त्याच महिन्यात तिला अडीच महिन्यांचा मोबदला यायचा होता. मी वर केरळच्या स्वयंसेवकांचं कौतुक केलं, त्यामुळे हे स्पष्ट सांगतो: आठवड्यातले दोन तास देणं वेगळं आणि एका गरीब बाईच्या अख्ख्या दिवसावर व्यवस्था उभी करून तिला सेवाभाव शिकवणं वेगळं. दुसऱ्याला मी भागीदारी म्हणणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक प्रयोग झाला, ज्याची आठवण आपण फार लवकर पुसली. 2007 पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्यपातळीवरचा समन्वय होता. पैसा सरकारच्याच आरोग्य अभियानाचा. गावातले लोक आपल्या उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला गुण द्यायचे: चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही तो तक्ता वाचता यायचा. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला लोक, समोर वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे, जिल्ह्याचे अधिकारी, आणि माइक लोकांच्या हातात. औषध बाहेरून आणायला का लावता, उपकेंद्राला कुलूप का, बाळंतपणाला पैसे का मागितले, हे नावगाव घेऊन विचारलं जायचं आणि उत्तर द्यावं लागायचं. मी एका जनसुनवाईला गेलो होतो. एका आजीने फक्त एवढं विचारलं, "डॉक्टर कोणत्या वारी असतो ते फळ्यावर लिवा, म्हंजे मी फुकट चालत येणार नाही." पुढच्या आठवड्यात फळा लागला. छोटी गोष्ट आहे. पण त्या आजीला सात किलोमीटर चालत यावं लागायचं.

आणि यात डॉक्टरांचंही भलं होतं हे मी मुद्दाम सांगतो, कारण जनसुनवाई म्हटलं की डॉक्टर मंडळींना धसका बसतो. त्याच मांडवात वैद्यकीय अधिकाऱ्याने उठून सांगितलं की त्याच्याकडे सिस्टरची जागा कित्येक महिने रिकामी आहे, आणि गाडीला डिझेल नाही. एरवी ही तक्रार तो वर एकटा करत होता. त्या दिवशी दोनशे माणसं ती करत होती.

या प्रयोगात फक्त दवाखाना मोजला जायचा, सांभाळ मोजला जायचा नाही. माझी मागणी आहे ती त्याच्या पुढच्या पायरीची. लाल-पिवळ्या-हिरव्या तक्त्यात एक ओळ वाढवा: गावात अंथरुणाला खिळलेल्या किती जणांच्या घरी गेल्या महिन्यात कुणी शिकलेलं माणूस जाऊन आलं?

हे करायला नवा कायदा लागत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय पंचायतींसाठी लिहून ठेवले. त्यात आरोग्य केंद्रं आणि दवाखाने आहेत, कुटुंबकल्याण आहे, महिला-बालविकास आहे, दिव्यांगांसह समाजकल्याणही आहे, आणि हे चारही विषय तिथे एकाखाली एक आहेत, 23 ते 26. आपली जिल्हा परिषद 1962 पासून उभी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र तिचं, समाजकल्याण विभाग तिच्या इमारतीत, अंगणवाड्यांचं कामकाजही तिथेच. फक्त ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली. माझ्या काकूला सोडताना नेमका हाच सांधा उघडा पडला. रुग्णालयाने तिला सोडलं हे आमच्या उपकेंद्राला कळलंच नाही, कारण दोघांचे साहेब वेगळे. लकवा, मोडलेलं खुब्याचं हाड, कॅन्सर, अशा रुग्णाला घरी सोडताना त्याच्या उपकेंद्राला एक फोन करायचा, एवढा एक नियम केला तरी कित्येक पाठी वाचतील. उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत. 2018 पासून तिथे ज्या बारा सेवा द्यायच्या ठरल्या त्यात म्हाताऱ्यांची काळजी आणि वेदनाशमन हीसुद्धा एक सेवा आहे. म्हणजे माणूस आहे, सेवेचं नाव आहे, फोनही आहे.

वेगळ्या पेट्यांत एकदा पैसा विभागला की तो एकत्र आणणं किती अवघड जातं, ते इंग्लंडकडे बघून कळतं. तिथे 1948 मध्ये आरोग्यसेवा सर्वांना मोफत झाली, पण म्हाताऱ्यांचा, अपंगांचा सांभाळ नगरपालिकांकडे गेला आणि तोही ऐपत बघून पैसे घेऊन. सत्तरहून जास्त वर्षं हा भेद सोसल्यावर 2022 च्या जुलैत दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलावर बसवणाऱ्या प्रादेशिक व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला. श्रीमंत देशाची ही अवस्था. आपल्याकडे सांभाळाची वेगळी व्यवस्था उभीच राहिलेली नाही, तेव्हा ती पहिल्यापासून आरोग्याच्या शेजारी उभी करण्याची संधी आपल्याला आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं एक कोटीहून जास्त होती, दर शंभरात जवळपास दहा. मधल्या काळात ती वाढलीच आहेत आणि पोरं पुण्याला, सुरतेला गेली आहेत.

खासगी डॉक्टरांना या भागीदारीतून वगळणं मला पटत नाही. गावातला माणूस ताप आला की आधी बाजारपेठेतल्या दवाखान्यात जातो. 2020 च्या एप्रिलमध्ये धारावीत पहिला करोना रुग्ण सापडला. दहाबाय-दहाच्या खोल्या, सार्वजनिक संडास. अंतर राखायचं कुठे? पालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. ज्या डॉक्टरला लोक वर्षानुवर्षं ओळखतात तो दारात आल्यावर लोक ताप लपवेनात. स्थानिक कार्यकर्ते, मशिदी-मंदिरांची मंडळं, जेवण पुरवणाऱ्या संस्था आणि पालिका या सगळ्यांनी मिळून ती लाट थोपवली. संकट सरल्यावर ते नातं तसंच ठेवून रक्तदाबासाठी, क्षयासाठी, म्हाताऱ्यांसाठी वापरायला काय हरकत आहे? भागीदारी आगीच्या वेळी आठवायची आणि एरवी विसरायची, ही सवय मोडायला हवी.

आणखी एक गोष्ट लोक मला हमखास ऐकवतात: आपल्याकडे घरचे बघतात, सरकारला मध्ये कशाला आणता? मला याचा राग येतो. 'घरचे' म्हणजे कोण ते बोला ना. काकूचे दोन मुलगे होते. पाठ धुतली सुनेने. संडास काढला सुनेने. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलली तिनेच, आणि सकाळी पोराचा डबाही तिनेच भरला. प्रेम होतं, म्हणूनच तिने केलं. पण प्रेमाला चार तासांची झोपही लागते. गावातून आठवड्याला दोनदा कुणी दोन तास येऊन बसलं असतं तर ती झोपली असती. हे मागणं कुटुंब मोडणारं आहे असं मला नाही वाटत.

आमच्या गावी उत्तर आलं ते अवचित. गावच्याच एक सिस्टर मुंबईच्या इस्पितळातून निवृत्त होऊन घरी राहायला आल्या. त्यांनी काकूला बघितलं आणि न बोलता पदर खोचला. वहिनीला समोर बसवून कूस बदलायची रीत दाखवली: गुडघा आधी, मग कंबर, मग खांदा, ओढायचं नाही, वळवायचं. घड्याळ बघून भिंतीवर कागद लावला, डावी, उजवी, डावी. जखमेची पट्टी कशी, किती वेळाने, सगळं शिकवलं. हवेची गादी आणायला सांगितली, पंपावर चालणारी. आम्ही वर्गणीतून आणली. चार महिन्यांत जखम भरली. लाखाचं औषध लागलं नाही. लागला तो शिकवणारा माणूस आणि गादी. काकू पुढे वर्षभर जगली आणि कातडी शाबूत घेऊन गेली.

ती गेल्यावर गादी वरच्या आळीतल्या अण्णांकडे गेली. तिथून मांगवाड्यात, मग वस्तीवर. पंप बिघडला की गावचा वायरमन दुरुस्त करतो, पैसे घेत नाही. गादी कुणाकडे आहे ते आशाताई एका शंभर पानी वहीत लिहून ठेवते, तिला कुणी सांगितलेलं नसताना. जिथे गादी जाते तिथे सिस्टर एकदा जाऊन शिकवून येतात. त्यांचे गुडघे दुखतात आता, त्यांना स्कूटरवर न्यावं लागतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तीन ठराव मांडणार आहे. आरोग्य समितीची बैठक महिन्याला होईल आणि वही घरोघर फिरणार नाही. दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीतून दोन गाद्या, एक चाकाची खुर्ची आणि घरभेटीला जाणाऱ्याचा प्रवासखर्च निघेल. आणि उपकेंद्राच्या अधिकाऱ्याने, आशाने, सिस्टरांनी मिळून गावातल्या प्रत्येक पडून असलेल्या माणसाच्या घरी महिन्यातून एकदा जायचं, वस्तीपासून सुरुवात करून. सरपंच म्हणतात, निधी आधीच ठरलेल्या कामांना लागला आहे. मी म्हटलं, सभेत बोलू.

आशाताईच्या वहीत सध्या गादीसाठी तीन नावं थांबली आहेत. त्यातलं एक नाव तिने पेन्सिलीने लिहिलंय. मी विचारलं, पेन्सिलीने का? म्हणाली, "त्या आजीला फार दिवस नाहीत, दादा. गादी मिळाली तर पेनाने लिहीन."